सातव्या मजल्यावरचा पुरोगामी खडक

ही हकीकत कोणालाही पटणार नाही, हे सुरुवातीलाच नमूद केलेलं बरं. यापूर्वी या कट्ट्यावर सांगितलेल्या गोष्टींत थोडंफार तिखटमीठ असायचं, हे मान्य. बिबट्या लिफ्टने खाली आला तेव्हा लिफ्ट बंद होती, हेही मान्य. पण ही हकीकत अक्षरशः खरी आहे, कागदोपत्री आहे आणि तिला साक्षीदार आहेत. त्यांतली एक, सहाव्या मजल्यावरची कॉन्सेप्टा, इथेच मांडीवर ताट घेऊन मटार सोलत बसली आहे. बाई मूळच्या मरोळ गावठाणातल्या. त्यांचा स्वतःच्या वजनकाट्यावरही विश्वास नसतो. तेव्हा एक शब्द इकडचा तिकडे व्हायची सोय नाही.

तर घाटकोपर पश्चिमेला, टेकडीपासून चांगली दीड किलोमीटर लांब, भाकरीसारख्या सपाट जमिनीवर आपली नवकिरण सोसायटी उभी आहे. आता ती बावीस मजली आहे. पूर्वी चार मजली होती आणि तिच्या जिन्याखाली एक खोली होती. त्या खोलीत एकतीस वर्षं दर गुरुवारी भजन व्हायचं. पखवाजावर धोंडिराम परब.

धोंडिरामचा बाप गिरणीत होता, स्वतः तो छापखान्यात. गाव मालवणच्या अलीकडे. वय अडुसष्ट, बोटं मात्र पंचविशीतली. मंडळात सगळे मिळून सात म्हातारे: दोघे भांडुपहून यायचे, एक मालाडहून, बाकीचे इथलेच. जुनी इमारत पाडायची ठरली तेव्हा लोकांनी बिल्डरकडे मोठे हॉल मागितले, दोन गाड्यांची जागा मागितली, संगमरवर मागितला. धोंडिरामने संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला, "भजनाक खोली मेळतली मां?" बिल्डर म्हणाला, "काका, खोली काय, म्युझिक लाऊंज देतो." आणि दिलाही. सातव्या मजल्यावर, व्यायामशाळेच्या शेजारी, भिंतींना आवाज गिळणारा स्पंज लावलेला. धोंडिरामने तो स्पंज हाताने दाबून बघितला आणि गावच्या देवाला नारळ बोलला.

नारळ लवकर बोलला. सोसायटीला देवदत्त नावाचे सेक्रेटरी होते, हे तो विसरला.

पंचेचाळिशीनंतर माणसाला साखर निघते, तसं देवदत्तांना प्रोग्रेसिव्ह रॉक निघालं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्या माहितीसाठी: या गाण्याला एक सुरुवात असते, ती संपली की दुसरी सुरुवात असते, मग बराच वेळ कोणीतरी ऑर्गनवर हरवलेली किल्ली शोधत असतं, आणि गाणं संपलं असं समजून जो टाळी वाजवतो त्याच्याकडे बाकीचे दयेने बघतात. इंग्लंडातल्या केसाळ मंडळींनी पन्नास वर्षांपूर्वी हे सुरू केलं. ते तिथे केव्हाच शांत झाले. घाटकोपरला मात्र उपसमिती स्थापन झाली.

ठराव असा झाला: 'म्युझिक लाऊंजचा वापर केवळ प्रोग्रेसिव्ह रॉकच्या श्रवणासाठी करण्यात येईल. अन्य संगीतासाठी परिचय प्रमाणपत्र धारण करणाऱ्या सभासदाने अर्ज केल्यास त्यावर विचार करण्याचा विचार केला जाईल.' ठराव एकमताने मंजूर झाला, कारण नंतर इडल्या होत्या.

धोंडिराम ऑफिसात गेला. "सेक्रेटरीसायेब, ह्या परिचय म्हणजे काय ता?"

"परबकाका, घाबरायचं काही नाही," देवदत्त म्हणाले. "तुम्ही नवागत म्हणून अर्ज करायचा. उपसमिती तुम्हाला प्रोग्रेसिव्ह रॉकचा परिचय करून देईल. ते तुमच्यात उतरलं की प्रमाणपत्र. मग भजनाचा अर्ज."

"आणि नाय उतरला तर?"

"तर पुन्हा अर्ज."

गुरुवारचा प्रश्न होता. धोंडिरामने अर्ज केला. 'आपण यापूर्वी कोणकोणते संगीत ऐकले आहे व त्याबद्दल आपणास खेद वाटतो काय?' या रकान्यात त्याने 'भजन. नाही.' असं लिहिलं. उपसमितीचा निमंत्रक सर्वेश, सतराव्या मजल्यावरचा, डोक्यावर छोटीशी शेंडी बांधणारा, त्याने ते उत्तर वाचून पेन्सिलने शेजारी एक सुस्कारा काढला. कसा काढला हे विचारू नका. फायलीत आहे.

पहिली बैठक शनिवारी संध्याकाळी पाचला झाली. पडदे ओढले. सर्वेशने तबकडी दोन्ही हातांनी अशी आणली की जणू नुकतंच जन्मलेलं पोर.

"काका, सत्तावीस मिनिटांची कृती आहे. मध्ये बोलायचं नाही."

"खोकलो इलो तर?"

"चौदाव्या मिनिटाला एक शांतता आहे. तिथे खोका."

गाणं सुरू झालं. देवदत्तांनी डोळे मिटले. सर्वेशने एक बोट वर केलं आणि ते हवेतच ठेवून दिलं. चार मिनिटांनी धोंडिरामची बोटं गुडघ्यावर चालू लागली. सहाव्या मिनिटाला मान डोलायला लागली. नवव्या मिनिटाला त्याने मांडीवर थाप मारली आणि मोठ्याने म्हणाला, "वा! समेवर इलो!"

सर्वेशने गाणं थांबवलं. उपसमितीच्या इतिहासात गाणं मध्येच थांबण्याची ही पहिली वेळ.

"काय म्हणालात?"

"ह्यो तर रूपक. सात मात्रा. ती ती ना, धी ना, धी ना. मधी एक मात्रा खाल्ल्यान त्याणा, पण परत बरोब्बर समेवर इलो बिचारो. चांगलो हा हात."

देवदत्तांचा चेहरा उतरला. "काका, म्हणजे तुम्हाला हे… कळलं?"

"कळूक काय झाला? चाळीस वर्सां वाजवतंव आमी रूपक."

"मी अकरा वर्षं ऐकतोय!" सर्वेशचा आवाज चिरका झाला. "अकरा वर्षं! मला अजून कळलेलं नाही! आणि तुम्हाला नऊ मिनिटांत?"

"मगे तुमका शिकवतंय मी. बसा हंय."

अहवालात नोंद झाली: 'नवागतास कृती प्रथमश्रवणी समजली. सबब अपात्र.' आधार म्हणून नियम चारचा पोटनियम ख जोडला होता: 'प्रोग्रेसिव्ह रॉक पहिल्या श्रवणात समजता कामा नये. समजल्यास ते प्रोग्रेसिव्ह राहत नाही, अथवा नवागत नवागत राहत नाही. दोहोंपैकी काय घडले हे ठरविण्याचा अधिकार सेक्रेटरींचा.'

धोंडिराम तो कागद घेऊन सहाव्या मजल्यावर कॉन्सेप्टाकडे आला. कॉन्सेप्टाने कागद वाचला आणि म्हणाली, "तू येडा आहेस का रे? कळलं तर कळलं, बोललास कशाला?"

"समेवर इलो गो तो. मगे दाद नको देऊक?"

"दाद द्यायची नाही. डोळे मिटायचे. मान एका बाजूला, हां, दाढ दुखते ना तशी. आणि संपल्यावर विचारतील कसं वाटलं, तेव्हा पटकन बोलायचं नाही. पाणी प्यायचं. मग म्हणायचं, लेयर्स आहेत."

इथे प्रत्यक्ष कॉन्सेप्टाचीच हरकत आली आहे. ती म्हणते, "लेयर्स नाही, टेक्स्चर. मी टेक्स्चर म्हटलं होतं. लेयर्स केकला असतात." दुरुस्ती नोंदवून घेतली आहे. बाकी मजकुराला बाईंची हरकत नाही, हेही नोंदवून घ्यावं.

आठवडाभर धोंडिरामने न कळण्याचा सराव केला. न कळणं सोपं नसतं. रिक्षाचं इंजिन सुरू झालं तरी त्याची बोटं मात्रा धरायची. बायको रुक्मिणी पोळ्या लाटायची, तर लाटण्यात त्याला झपताल ऐकू यायचा. शेवटी ती म्हणाली, "त्यापरीस झोपून जावा." आणि तोच उपाय लागू पडला. दुसऱ्या बैठकीला धोंडिराम तिसऱ्या मिनिटाला झोपला तो थेट सव्विसाव्या मिनिटाला उठला. तोंड किंचित उघडं होतं. अहवालात 'नवागत खोल उतरला' अशी नोंद आहे.

"कसं वाटलं, काका?" देवदत्तांनी हळूच विचारलं.

धोंडिराम पाणी प्यायला. भिंतीकडे बघितलं. म्हणाला, "टेक्स्चर आसा."

देवदत्तांनी चष्मा काढून पुसला. सर्वेशने येऊन त्याला मिठी मारली. प्रमाणपत्र मंजूर. भजनाचा अर्जही तिथल्या तिथे मंजूर, येत्या गुरुवारपासून, सहा ते आठ. धोंडिरामने भांडुपला आणि मालाडला फोन केले. पखवाजाला नवी शाई लावून घेतली.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. पण सोसायटीच्या सामायिक जागेत काय काय चालतं याचा तिमाही अहवाल भूस्खलन नियंत्रण कक्ष नावाच्या, दरडींवर लक्ष ठेवणाऱ्या एका कार्यालयाला पाठवावा लागतो, आणि तोही मराठीतून. देवदत्तांची सगळी इतिवृत्तं इंग्रजीत. ती मराठीत करायचं काम सोसायटीच्या ऑफिसातल्या प्रियंकाकडे. ती मोबाईलला विचारून करते. मोबाईल काय सांगेल ते तिच्या हातात नसतं.

"सर, रॉक म्हणजे दगड लिहू की खडक?"

देवदत्त फोनवर होते. "काहीतरी भारदस्त लिही गं."

"मग खडक. आणि प्रोग्रेसिव्ह?"

"पुरोगामी, अजून काय!"

तेव्हा अहवालात पुढील वाक्य गेलं, खाली देवदत्तांच्या सहीसकट: 'सातव्या मजल्यावर पुरोगामी खडक असून सभासद श्री. धोंडिराम परब यांना त्याचा परिचय करून देण्यात आला. पहिल्या वेळी त्यांना तो लागला नाही. दुसऱ्या वेळी त्यांच्यात तो खोल उतरला.'

कक्षातल्या अधिकाऱ्यांनी शब्दकोश काढला. पुरोगामी: पुढे जाणारा. पुढे जाणारा खडक. सातव्या मजल्यावर. एक सभासद जखमी. तातडीचं पत्र आलं: 'सदर खडक किती जुना आहे, किती काळ सरकतो व कोणत्या वेगाने, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.'

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? फोन उचलून म्हणेल, साहेब, गाणं आहे, भाषांतर चुकलं. पण देवदत्तांनी स्वतःच्या सहीचा कागद पुन्हा वाचला. चूक कबूल करायची तर आधी न वाचता सही केली हे कबूल करायचं. आठ मुदती सेक्रेटरी राहिलेला माणूस तेवढा पुरोगामी नसतो. शिवाय प्रश्न त्यांना आवडले. प्रोग्रेसिव्ह रॉकबद्दल आजवर त्यांना कोणी आपणहून काही विचारलंच नव्हतं. त्यांनी मनापासून उत्तर लिहिलं: 'खडक पन्नास वर्षे जुना असून मूळ इंग्लंडचा आहे. एका वेळी सत्तावीस मिनिटे चालतो. चौदाव्या मिनिटास थांबतो, परंतु तो संपला असे समजू नये. गती सात अष्टमांश, क्वचित तेरा.'

तेरा वाचून कार्यालयात खुर्च्या सरकल्या.

बुधवारी पथक आलं. हेल्मेटं, मोजायच्या फिती, लाल निशाणं. सातव्या मजल्याचा सगळा व्हरांडा मोजला. खडक मिळाला नाही. मग पंचनाम्यात लिहिलं: 'पाहणीच्या वेळी खडक पुढे निघून गेला होता.' पंच म्हणून सर्वेशची सही आहे. त्याला विचारलं, "अरे, सही कशी केलीस?" तर म्हणाला, "मला त्यातलं रूपक आवडलं." हे रूपक वेगळं.

इमारत दरडप्रवण जाहीर झाली. घाटकोपरला दरड नवी नाही, पण ती टेकडीवरून यायची. सातव्या मजल्यावरून आठव्याकडे जाणारी दरड ही पहिलीच. म्युझिक लाऊंजच्या दाराला लाखेचं सील लागलं. बाहेरून जाड लोखंडी जाळी ठोकली. 'खडकापासून सावध' अशी पाटी लागली. व्यायामशाळेत जाणारे तिथून पाठ भिंतीला लावून आडवे चालू लागले. दुसऱ्या सकाळी बाविसाव्या मजल्यापर्यंत सगळे आडवे चालत होते, कारण खडक पुढे निघून गेलाय म्हणजे कुठेतरी असणारच.

आणि गुरुवारी सहाला भजनी मंडळ आलं. सात म्हातारे, पिशव्यांत टाळ. जाळीसमोर थोडा वेळ उभे राहिले. मग मुलांच्या घसरगुंडीशेजारी बाकावर बसले. मालाडचे जयवंत, गुडघे दुखतात म्हणून लिफ्टवर अवलंबून असलेले, त्यांनी विचारलं, "धोंडू, पुढच्या गुरुवारी येवचा की नको? तेवढा सांग." धोंडिराम म्हणाला, "येवा." पण म्हणताना तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कक्षाचं शेवटचं पत्र आलं. फार सरळ पत्र होतं. सोसायटीने विशेष सर्वसाधारण सभा घेऊन ठराव करावा. खडक नाही असा ठराव झाल्यास सील काढण्यात येईल. खडक आहे असा ठराव झाल्यास जाळी कायम करून खोली बंद ठेवण्यात येईल.

म्हणजे धोंडिरामची खोली आता एका वाक्यावर होती. खडक नाही. लहान पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

सभा रविवारी सकाळी अकराला, तळमजल्यावर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून झाली. शंभर टक्के हजेरी. देवदत्त उभे राहिले. त्यांनी भाषणाला खास नेहरू जाकीट घातलं होतं.

"सभासद बंधुभगिनींनो, प्रश्न खडकाचा नाही. प्रश्न हा आहे, की आपण पुरोगामी आहोत की नाही! खडक दिसत नाही असं काही जण खासगीत म्हणतात. मी विचारतो, तुम्ही तो नीट अनुभवलात का? शेजारच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे. आपल्याकडे हे आहे. ज्यांना पुरोगामी खडक नको असेल, त्यांनी उघड सांगावं, आम्ही प्रतिगामी आहोत. इतिवृत्तात नावानिशी नोंद होईल."

नावानिशी म्हटल्यावर खुर्च्या करकरायच्या थांबल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "हां म्हणजे, कधीकधी दुपारी काहीतरी घरंगळल्यासारखं वाटतं." दुसरं म्हणालं, "आमच्या बेडरूमला तडा पण आहे एक." सर्वेश म्हणाला, "ज्याला दिसत नाही त्याने अजून दोनतीनदा बघायला हवा." देवदत्त म्हणाले, "खडक आहे असं मानणाऱ्यांनी हात वर करावेत." आणि हात वर झाले. पहिल्या रांगेचे, दुसऱ्या रांगेचे, मग धान्याच्या शेतात वारा शिरावा तसे सगळे.

तेवढ्यात धोंडिराम उभा राहिला.

"खडक नाय हा," तो म्हणाला. "गाणा हा ता. सात मात्रांचा. माका पयल्याच दिवशी कळला होता, मी खोटा बोललंय, झोपलेलंय. आमका खोली होयी. गुरुवारी दोन तास. दुसरा कायेक नको."

आणि मंडळी, काय सांगावं! त्याने समोरच्या खुर्चीच्या पाठीवर रूपक धरला. ती ती ना, धी ना, धी ना. एकेक हात आपोआप खाली आला. बायका ताल धरू लागल्या. मागच्या रांगेतून टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पार्किंगमधल्या गाड्यांचे भोंगे वाजायला लागले! सगळे एका आवाजात ओरडले, खडक नाही, खडक नाही! देवदत्तांनी भर सभेत माफी मागितली, प्रियंकाने शब्दकोश फेकून दिला, लोक सातव्या मजल्यावर धावले, सील तोडलं, आणि त्याच गुरुवारी सर्वेश शेंडी सोडून टाळ घेऊन बसला आणि…

"खोटं!" कॉन्सेप्टा म्हणाली. मटाराचं ताट तिने खाली ठेवलं. "बस झालं, भाऊ. खडक सरकला, ते मी ऐकून घेतलं. पंचनामा झाला, जाळी लागली, लोक आडवे चालले, काही बोलले का मी? नाही, कारण ते खरं आहे. पण हात खाली आले? कोणाचे रे? धोंडिराम उभा राहिला, बोलला, तेवढं खरं. मग त्याने कुठे खुर्ची वाजवली? त्याने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं तेव्हा मी पर्समध्ये काहीतरी शोधत होते, डाव्या हाताने. उजवा वर होता. मग तो बसला. जाळी आहे तिथेच आहे, आणि पखवाज लॉफ्टवर गेला. आणि तुझा हात? तुझा तर इतका वेळ वर होता की देवदत्तने दोनदा मोजला, धोंडिरामचं मत नसतानाही शंभर टक्के मतं पडली ती त्यामुळे. आणि हे जे सगळे बसलेत ना इथे, मघापासून देवदत्तला हसतायत, विचार त्यांना. एकेकाला विचार, कोणाचा खाली होता."